तळहात त्याचा, अंगठा तिचा

त्या सकाळी रोहिदास भामरे स्वतःकडूनच हरला.

हर्षदा आत चहा गाळत होती. तो दाराच्या पायरीवर बसून खेळत होता, आणि खेळाच्या आवाजावरूनच तिला कळलं की काहीतरी बिघडलंय. भुजंग नावाचा तो लांब हातांचा मल्ल जमिनीवर आपटला की ढोलावर थाप पडल्यासारखा आवाज येई. एरवी तो आवाज आला की पाठोपाठ रोहिदासचं हलकंसं हुंकारणं ऐकू यायचं. आज थाप पडली आणि हुंकार आला नाही. मग पुन्हा थाप. तिने गाळणी तशीच ठेवली आणि बाहेर आली. छोट्या पडद्यावर राखाडी भुजंग हात वर करून उभा होता आणि निळा भुजंग पालथा पडला होता. कडेचा दिवा लाल झाला होता. क्रेनची केबिन आज दिवसभर उघडणार नव्हती.

"बोट घसरलं," रोहिदास म्हणाला. त्याने उजवा हात पॅंटच्या खिशात घातला आणि डाव्या हाताने चहाचा कप घेतला.

साक्रीच्या पुढच्या त्या पठारावर जुन्या बुटक्या पवनचक्क्या उतरवून त्यांच्या जागी नव्या, कितीतरी उंच उभ्या करायचं काम चाललं होतं. एकेक पातं इतकं लांब की ते घेऊन येणारी गाडी घाटात वळवायला अख्खा दिवस जाई. ते पातं आडवं उचलायचं, ढगाजवळ न्यायचं, आणि मनोऱ्याच्या टोकाला असलेल्या पोकळ हबमध्ये, म्हणजे पाती जिथे जोडली जातात त्या गाभ्यात, त्याचे बोल्ट अलगद बसवायचे. हे काम करणारे क्रेनचालक देशात मोजके. रोहिदास त्यातला एक. हर्षदा त्याच साइटवर ऑफिसच्या खोलीत बसून वाऱ्याचा वेग वॉकीटॉकीवर सांगायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि एका साइटवरून दुसऱ्या साइटवर पत्र्याचं घर हलवत जगायची दोघांनाही सवय झाली होती.

'मूठ' आली ती दोन हंगामांपूर्वी. हातात मावणारं ते खेळण्याचं यंत्र कंपनीने प्रत्येक क्रेनचालकाला दिलं, तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली. त्यात एकच खेळ होता, 'सातमल्ल'. रोहिदासने तो शाळेत असताना धुळ्याला स्टॅंडजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये उभ्या पेटीसमोर नाणी टाकून खेळला होता. सात मल्ल, त्यातला एक निवडायचा आणि समोरच्याला लोळवायचं. तोच खेळ आता रोज सकाळी कामाला लागण्याआधी खेळायचा होता, तोही स्वतःच्या सावलीशी.

सुरक्षा अधिकारी शर्वाणी कुलथे यांनी तेव्हा चालकांना आणि घरच्यांना एकत्र बसवून सगळं नीट समजावून सांगितलं होतं. बाई शांत बोलायच्या आणि कुणी काहीही विचारलं तरी कंटाळायच्या नाहीत. त्या म्हणाल्या होत्या, "बटण अंगठा दाबतो असं आपल्याला वाटतं. पण अंगठा हलायच्या आधीच तळहात कामाला लागलेला असतो. स्नायू किंचित आवळतात, पकड किंचित बदलते. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. या यंत्राच्या पाठीला एक पातळ पापुद्रा आहे, त्याला तो पत्ता लागतो."

प्रत्येक माणसाचा तळहात वेगळ्या रीतीने आवळतो आणि त्यानंतर अंगठा वेगळ्या अंतराने येतो. यंत्र रोज ते पाहत पाहत माणसाची ही रीत शिकतं. त्या शिकण्यातून जो खेळाडू तयार होतो तो म्हणजे सावली. ती तुमच्यासारखीच थांबते, तुमच्यासारखीच फसते, तुमच्यासारखीच झडप घालते. आणि मारामारीचाच खेळ का, तर त्यात नेमकं तेच लागतं जे क्रेनच्या केबिनमध्ये लागतं: मोह आवरून थांबायचं आणि वेळ आली की अजिबात न डगमगता दाबायचं. तुमच्या चांगल्या दिवसांतल्या सावलीने तुम्हाला चीतपट केलं, तर आज तुमचा हात बरा नाही, केबिन उघडणार नाही.

सावलीचं दुसरंही एक काम होतं. क्रेनच्या दांड्यांना तसाच पापुद्रा बसवलेला होता. चालकाचा तळहात आवळला की क्रेन त्याच्या मनातलं आधीच ओळखून हळूच निघायची. या सोयीला 'हातसाथ' म्हणत. एवढ्या उंचीवर लोंबणाऱ्या वजनाला ती निमिषभराची आगाऊ सूचना फार मोलाची होती. पातं झोके घेत नसे. पूर्वी ज्या वाऱ्यात आठवडा आठवडा बसून राहावं लागे, त्यात आता कामं होत. चालक आणि सावली यांचा मेळ जितका चांगला, तितकी हातसाथ चांगली.

म्हणून कुलथेबाईंनी बजावलं होतं की आपली मूठ दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. हर्षदाने ते ऐकलं होतं. तिला ते व्यवस्थित समजलंही होतं.

याआधी एकदा हरला होता तेव्हा रोहिदासने तापाचं कारण सांगितलं होतं. आता ताप नव्हता. आणखी एकदा हरला असता तर डॉक्टरांच्या मंडळासमोर जावं लागलं असतं, आणि त्या मंडळाकडे गेलेला चालक परत केबिनमध्ये चढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हर्षदाला बाकीचंही दिसत होतं. तो हल्ली शर्टाची वरची गुंडी उघडीच ठेवायचा. बातम्या बघताना त्याचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असताना आपोआप थरथरायचा, जसं काही अंगठा आणि बोटं मिळून एखादी गोळी वळतायत. ती नाशिकला दाखवून येऊ म्हणाली की तो म्हणायचा, हे मनोरे उभे होऊ देत, पावसाळ्यात मोकळाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार आतून लावलं आणि मूठ तिच्यासमोर धरली.

"तुला माझे सगळे डाव येतात," तो म्हणाला.

खरं होतं ते. लग्नानंतरच्या पहिल्या साइटवर टीव्ही नव्हता, शेजार नव्हता. तेव्हा त्यानेच जुन्या मोबाइलवर तिला 'सातमल्ल' शिकवला होता आणि पुढे कित्येक संध्याकाळी दोघं एकमेकांना लोळवण्यात घालवत. ती म्हणाली की यंत्राला हात ओळखता येतो. त्याने त्याचाही विचार करून ठेवला होता. तो तिच्या मागे बसला, दोन्ही बाजूंनी हात पुढे घेतले आणि मूठ पाठीमागून आपल्या तळव्यांत धरली. बटणांवर तिचे अंगठे.

"तळहात माझाच आहे," तो तिच्या कानाशी म्हणाला. "फक्त अंगठा तुझा. एकच दिवस."

त्याच्या उजव्या हाताची थरथर यंत्रातून तिच्या अंगठ्यापर्यंत पोचत होती. तिला नाही म्हणायचं होतं. पण 'एकच दिवस' म्हणताना त्याचा आवाज असा झाला होता की तिने गेल्या इतक्या वर्षांत तसा ऐकला नव्हता, आणि तो पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती. तिने सुरुवातीचं बटण दाबलं.

राखाडी भुजंग समोर आला. तो रोहिदास होता, बरा असतानाचा. गुडघे वाकवून, हात लांब सोडून तो नुसता थांबला. रोहिदास कधीच पहिला हल्ला करायचा नाही. समोरच्याला उडी मारू द्यायची आणि त्याचे पाय जमिनीला टेकतानाच कमरेला विळखा घालून फेकायचं, ही त्याची खासियत. ती दोनदा फेकली गेली. तिला माहीत होतं की थांबण्यात आपण त्याला हरवू शकत नाही. मग तिने थांबणं सोडलं. सावलीचा विळखा सुटायच्या आधीच ती आत घुसली, पुन्हा मागे, पुन्हा आत. रोहिदास मागून श्वास रोखून बसला होता. शेवटच्या फेरीत दोघांचीही ताकद संपत आली असताना तिने जराशी घाई केली, आणि ती घाईच कामी आली. ढोलावर थाप पडली. राखाडी भुजंग खाली होता. दिवा हिरवा झाला.

दिवसभर ती वाऱ्याचे आकडे सांगत राहिली आणि दर आकड्यानंतर धास्तीने पात्याकडे बघायची. पण पातं बसलं. एकाही माणसाला खरचटलं नाही. संध्याकाळी रोहिदास शीळ घालत घरी आला.

काही वाईट घडलं असतं तर ते तिथेच थांबलं असतं. घडलं नाही, म्हणून दुसऱ्या सकाळी त्याने पुन्हा दार लावलं, आणि त्यानंतर त्याला विचारावंही लागलं नाही. ती स्वतःच हात पुसून त्याच्यासमोर येऊन बसू लागली.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की सावली बदलतेय. सुरुवातीला ती थांबायची. आता ती पुढे यायची, हर्षदासारखी, वेळेच्या किंचित आधी. तिने रोहिदासला सांगितलं तर तो म्हणाला, "चांगलंय की, यंत्राच्या हिशोबाने मी तरुण होतोय." तो हसला, पण तिच्याकडे पाहून हसला नाही. त्या दिवसांत तो तिच्याकडे फारसं पाहतच नव्हता. संध्याकाळी दोघं एकमेकांशी खेळत ते कधी बंद झालं तेही कळलं नाही. जेवताना ती त्याच्या हाताकडे बघायची, तो ताटाकडे.

मग एक दिवस तो घरी येऊन म्हणाला की क्रेन उतावीळ झालीय. मी ठरवायच्या आधीच निघते. कुलथेबाईंना त्याने तसं कळवलंही होतं. त्यांनी स्वतः केबिनमध्ये चढून तपासलं, तर कुठेच दोष नव्हता. उलट चालक आणि सावलीचा मेळ आधीपेक्षा जास्त दाखवत होता.

"आपण सांगून टाकू या," हर्षदा म्हणाली.

"हा मनोरा होऊ दे."

"आणि काही झालं तर?"

"होणार काय? हात माझाच आहे ना दांड्यावर." एवढं बोलून तो बाहेर गेला.

वर हबमध्ये वसीम पिंजारी असायचा. पात्याचं तोंड जवळ आलं की आतून वाकून त्याचे बोल्ट भोकांसमोर आणायचे, इंचाइंचाने क्रेनला सूचना द्यायच्या, हे त्याचं काम. वसीम पारोळ्याचा, तिशीचा, बडबड्या. त्याची बायको मुलीला घेऊन गावी होती, त्यामुळे दुपारचं जेवण बऱ्याचदा भामऱ्यांकडे. रोहिदासशिवाय दुसरा चालक असला की तो वर जायला कुरकुर करायचा, हे सगळ्या साइटला माहीत होतं.

त्या दिवशी हर्षदाने सकाळी नेहमीसारखं सावलीला हरवलं. त्या मनोऱ्याचं शेवटचं पातं चढायचं होतं. वारा मर्यादेत होता, मधूनच एखादा झोत यायचा. ऑफिसच्या खोलीत ती वाऱ्याच्या यंत्रासमोर बसली होती आणि पलीकडच्या टेबलाशी कुलथेबाई क्रेनचा पडदा बघत उभ्या होत्या. खिडकीतून मनोऱ्याचं टोक आणि त्याच्याजवळ सरकत जाणारं पांढरं पातं दिसत होतं.

"भाऊ, हातभर राहिलं," वॉकीटॉकीवर वसीमचा आवाज आला. "या हळू. वीतभर. बास, थांबा."

"थांबलो," रोहिदास म्हणाला.

पातं थांबलं नाही. ते इतकं हळू सरकत होतं की खिडकीतून कळलंही नसतं. वसीमच्या आवाजावरून कळलं.

"थांबा म्हटलं भाऊ."

"मी थांबलोय रे."

मग धातूवर धातू घासल्याचा आवाज वसीमच्या वॉकीटॉकीतून सगळ्यांना ऐकू आला, आणि त्यामागे त्याची दबलेली किंकाळी. तो धापा टाकत सांगू लागला की बोल्ट पट्ट्यातून आरपार गेलाय, मागे सरता येत नाही, हात अडकलाय. कमरेचा जो पट्टा त्याला पडण्यापासून वाचवायला होता, त्यानेच त्याला पात्याच्या तोंडाशी बांधून टाकलं होतं.

कुलथेबाईंचा हात तातडीने बंद करायच्या लाल बटणावर गेला आणि तिथेच थांबला. क्रेन आहे तशी गोठवली तर पातं अर्धवट अडकलेलं लोंबत राहील, पुढच्या झोताबरोबर हेलकावे खाईल, आणि प्रत्येक हेलकाव्याला मध्ये वसीम असेल. त्याला सोडवायचं तर पातं सरळ मागे घ्यायला हवं होतं. त्यांनी रोहिदासला मागे घ्यायला सांगितलं. पातं थोडं मागे आलं, आणि पुन्हा स्वतःहून पुढे गेलं. वसीम ओरडला.

"मी काहीच करत नाहीये," रोहिदासचा आवाज फाटला होता. "मी नुसता धरून बसलोय."

नुसता धरून बसलोय. हर्षदाच्या डोळ्यांसमोर त्याचा मांडीवर ठेवलेला हात आला. काही न करता थरथरणारा. गेल्या कित्येक दिवस रोज सकाळी ती थरथर यंत्राच्या पाठीला लागून होती आणि पुढे तिचा अंगठा बटणं दाबत होता. यंत्र शोधत होतं ते एवढंच, की दाबण्याआधी तळहातात काय होतं. तळहातात थरथरीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. ते तीच शिकलं होतं. थरथर म्हणजे जा, पुढे जा, आत्ता जा.

तिच्या हातात वॉकीटॉकी होता आणि त्याचं बटण दाबलेलंच होतं. ते तिला नंतर कळलं. सगळ्या साइटने ऐकलं.

"मॅडम, हातसाथ बंद करा. ती सावली त्यांची नाही. सकाळी मी खेळते."

कुलथेबाई वळल्या. मेळ उत्तम दाखवणारा पडदा त्यांच्यासमोर होता, आणि या वाऱ्यात हातसाथ बंद करायला नियमाने मनाई होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "यंत्र कोण धरतं?"

"ते धरतात. बटणं मी दाबते. त्यांचा हात थरथरतो."

पुढचं सांगावं लागलं नाही. बाईंचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. त्यांनी पडद्यावर दोनदा खूण केली आणि वॉकीटॉकी उचलला. "भामरे, हातसाथ काढली आहे. आता क्रेन फक्त तुमची. पातं हलेल, कारण आता ते आधी सावरणार कुणी नाही. सरळ मागे घ्यायचं आहे. जमेल का ते खरं सांगा."

वॉकीटॉकीवर केबिनबाहेरचा वारा ऐकू येत राहिला. नुसता वारा. त्या वेळात हर्षदाला वाटलं की आपण याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यांसमोर काढून फेकली, आणि वसीम वाचला तरी आता हे घर पहिल्यासारखं होणार नाही.

"हात लवकर ऐकत नाही माझा," रोहिदास शेवटी म्हणाला. साइटवरच्या प्रत्येक कानाने ते ऐकलं. "सावकाश घेईन. हर्षदा, वारा सांगत राहा. झोत येणार असेल तर आधी सांग."

तिने आकड्यांकडे पाहिलं. तिचा आवाज तिला परका वाटला, पण निघाला. पठाराच्या कडेला उभं केलेलं दुसरं वाऱ्याचं यंत्र झोत आधी दाखवायचं, मनोऱ्यापर्यंत यायला त्याला थोडा वेळ लागायचा. ती सांगू लागली. झोत येतोय. आला. जातोय. गेला. रोहिदास झोत जाईपर्यंत काहीच करायचा नाही. पात्याला बांधलेले दोर खाली धरून उभे असलेले लोक ते ताणून हेलकावा थोपवायचे. वर वसीम दातांवर दात आवळून मोठमोठ्याने श्वास घ्यायचा आणि ते सगळ्यांना ऐकू यायचं. मग रोहिदास म्हणायचा, "घेतो." आणि पातं बोटभर मागे सरायचं.

पुन्हा झोत. पुन्हा थांबणं.

मध्ये एकदा पातं एका बाजूला ढळलं आणि वसीमचा आवाज एकदम बंद झाला. रोहिदासने त्याला हाक मारली. पुन्हा मारली. वसीम म्हणाला, आहे, आहे मी भाऊ. रोहिदास म्हणाला, "बोलत राहा. काहीही बोल." वसीम मुलीचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटत राहिला. हर्षदा वारा सांगत राहिली. कुलथेबाई खिडकीच्या काचेला हात टेकून उभ्या होत्या. पुढचा झोत यायला जरा वेळ होता. हर्षदाने तसं सांगितलं आणि तिला नवऱ्याचा श्वास ऐकू आला, लांब, सावकाश. त्यानंतर पातं एका दमात सरळ मागे आलं. बोल्ट पट्ट्यातून निसटला. वसीम हबमध्ये मागच्या मागे कोसळला आणि रडत रडत म्हणाला की सुटलो.

त्याच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला होता. धुळ्याला नेऊन शस्त्रक्रिया केली, आत पट्ट्या घातल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हात राहील, पण पान्याची कामं करता येणार नाहीत.

चौकशी झाली. रोहिदासने सांगितलं की मीच तिला बसवलं. हर्षदाने सांगितलं की मला सगळं समजत होतं आणि तरी मी बसले. दोघांचंही काम गेलं, रोहिदासचा परवानाही गेला. कुलथेबाईंनी आपल्यावरही ठपका घेतला, की तळहात एकाचा आणि अंगठा दुसऱ्याचा असू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. निघताना त्यांनी हर्षदाला एक गोष्ट सांगितली, दोष द्यायला नाही, माहीत असावं म्हणून. सुरुवातीला रोहिदास हरला तेव्हा यंत्र अगदी बरोबर सांगत होतं. कुणाही डॉक्टरच्या आधी त्याला कळलं होतं.

नाशिकच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. हा मेंदूतून येणारा कंप आहे, हळूहळू वाढेल, पण गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातील. घरी परतताना एसटीत दोघं शेजारी बसली होती.

"तू नाही म्हणायला हवं होतंस," रोहिदास म्हणाला.

"तुम्ही विचारायला नको होतं."

दोन्ही खरं होतं. ते पिंपळनेरला रोहिदासच्या बहिणीच्या रिकाम्या घरात राहू लागले. एकमेकांशी भांडले नाहीत. ते बरं की वाईट हे हर्षदाला कळत नव्हतं.

एका दुपारी वसीम आला. हात अजून गळ्यात अडकवलेला होता. तो दाराबाहेरच चपला काढून उभा राहिला. हर्षदाने या म्हटलं, तरी क्षणभर आत आला नाही. मग खुर्चीत बसला. पाण्याचा ग्लास डाव्या हाताने घेतला आणि न पिता खाली ठेवला. रोहिदास खाली मान घालून समोर बसला होता. त्याने माफी मागायला तोंड उघडलं, पण वसीमने मान हलवली. तो त्यासाठी आला नव्हता.

"मला एकच विचारायचंय, भाभी," तो म्हणाला. "कुठल्या कुठल्या दिवशी तुम्ही खेळला होता?"

ती सांगू लागली. पहिला दिवस कुठला, त्या दिवशी कुठल्या मनोऱ्याला कितवं पातं चढलं होतं. त्यानंतर रोजच. काहीही झाकायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. वसीम प्रत्येक वेळी थांबायचा. ते पातं, तो वारा, तिथे आपण कसे वाकलो होतो ते आठवत असावा. एका दिवसापाशी त्याने डोळे मिटले. "त्या दिवशी मी कमरेचा पट्टा न लावताच पुढे गेलो होतो," तो म्हणाला. "वर भाऊंचा हात आहे म्हणून."

रोहिदासच्या मांडीवरचा हात थरथरत होता. त्याने तो लपवला नाही.

वसीम बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आणि शेवटी? मला सोडवलं तेव्हा? तेव्हा किती सावली होती आणि किती भाऊ?"

"सावली नव्हती," हर्षदा म्हणाली. "काहीच नव्हतं. ते एकटे होते, याच हाताने."

वसीमने मान डोलावली. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मग खाली वाकून त्याने ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.